ओठात धरू नये

माझी नोकरी तुआसच्या एका कारखान्यात झाली आणि तिचा मोठा भाग बर्फाबद्दल बोलण्यात गेला. सिंगापूरमध्ये हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. बाहेर एक तर कडक ऊन असतं किंवा धो धो पाऊस. मग तो हळूच विचारतो, "पण इथे बर्फ कुठे पडतो?" नाही पडत. म्हणून तर फोनवर बोलावं लागायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या करिअरच्या वाटचालीबद्दल" लिहायला सांगितलं आहे. वाटचाल फारशी नाही. सकाळी बिशानहून निघायचं, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलत बदलत बेटाच्या पार टोकाला जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. बढत्या मिळाल्या, त्या सगळ्यांनाच मिळतात. त्यामुळे त्या वाटचालीऐवजी कामाबद्दल लिहिते.

आमची कंपनी मोटारींसाठी दोन वस्तू बनवायची. एक म्हणजे चाकातली हवा कमी झाली की ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लावणारा सेन्सर. दुसरी म्हणजे डिकीत ठेवायचा पंक्चरचा डबा. हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, हे लोकांना स्टेपनी लागते तेव्हाच कळतं. तिच्या जागी हा डबा असतो. त्यात एक छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या चिकट द्रवाची एक बाटली असते. परदेशात गाड्या भाड्याने देणारे हे डबे आमच्याकडून घेत. झाकणावर मदतीचा नंबर छापलेला असे आणि इंग्रजीत बोलणाऱ्यांचे फोन तुआसला येत. डिसेंबरात इथल्या शाळांना सुट्टी लागली की अर्धं सिंगापूर होक्काइडोला बर्फ बघायला जातं आणि तिथे गाडी भाड्याने घेतं. त्यामुळे इथून गेलेल्या माणसाचा फोन जपानहून फिरून पुन्हा इथेच, माझ्या कानात येई.

बहुतेकांचा प्रश्न एकच असे. बर्फात चाकात हवा किती ठेवायची?

उत्तर इतकं साधं आहे की ते ऐकून लोक हिरमुसतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावरचा आकडा ठेवायचा. फक्त तो गाडी थंड असताना मोजायचा. थंड म्हणजे रात्रभर बाहेर उभी असलेली. गारठ्यात हवा आक्रसते, गेजवरचा आकडा खाली येतो, आणि चाकाला कुठेही भोक नसताना दिवा लागतो. तेव्हा हवा भरायची आणि निघायचं.

बिशानचेच एक मिस्टर लिम होते. त्यांच्या हॉटेलच्या तळघरातलं पार्किंग छान उबदार होतं. ते रोज सकाळी तिथे वाकून, स्टिकरवरच्या आकड्याला काटा बरोबर टेकेपर्यंत चाकं भरायचे. बाहेर पडल्यावर थोड्या वेळात पिवळा दिवा लागायचा की त्यांचा फोन यायचा, तुमचा सेन्सर खराब आहे. दोन दिवस मी त्यांना समजावत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाहेर जाऊन हवा भरा म्हणता, पण बाहेर किती थंडी आहे!" मी म्हटलं, "गाडीला बाहेर ठेवा सर, तुम्ही आत थांबा." सिंगापूरला परतल्यावर त्यांनी माझ्याबद्दल तक्रार केली आणि चिनी नववर्षाला संत्र्यांची पेटीही पाठवली. दोन्ही मला एकाच आठवड्यात मिळाली.

दुसऱ्या जातीचे लोक अभ्यास करून यायचे. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असे की बर्फात हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. हे अर्धं खरं आहे, आणि खोट्यापेक्षा अर्धं खरं निस्तरायला कठीण. गुडघाभर भुसभुशीत बर्फात, गोगलगायीच्या चालीने जायचं असेल, तर पसरलेला टायर कमी रुततो. पण भाड्याची गाडी घेऊन आपण जातो डांबरी रस्त्यावर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावरून. तिथे मऊ पडलेल्या टायरच्या खाचा मिटतात, कडा बर्फाला धरत नाहीत आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करून वळते. म्हणून आमच्या टेबलावर एकच नियम होता. हवा सोडू नका. माझा साहेब कोह म्हणायचा, "आंटी, दे आस्क एनीथिंग, यू से नो. नो इज सेफ, लाह."

कोहबद्दल सांगायला हवं. माझ्यापेक्षा वयाने लहान, कामात चोख आणि कसलाही धोका त्याला आवडत नसे. छत्री तर तो ऑफिसच्या आतही बरोबर बाळगायचा.

माझं स्वतःचं बर्फाचं शिक्षण आमच्या शीतकक्षात झालं. कारखान्याच्या मागच्या बाजूला, अख्खी गाडी मावेल एवढी ती खोली होती आणि आतलं तापमान शून्याच्या बरंच खाली. दाराशी एक जाड जाकीट टांगलेलं असे, सगळ्यांचं मिळून एकच, आणि त्याला सगळ्यांचा मिळून एकच वास येई. ते घालून मी आत चाकं भरली, रिकामी केली, व्हॉल्व्ह उघडले, बाटल्या कापून बघितल्या. पंख्याच्या जाळीवर पांढरा थर जमायचा, तो नखाने खरवडला की भुगा पडायचा. माझ्या आयुष्यातला बर्फ तेवढाच. आभाळातून पडलेला मी पाहिलेला नाही. बर्फात गाडी चालवण्याचा तर प्रश्नच नाही; मी सिंगापूरमध्येही कधी चालवली नाही.

आता एका पुडीबद्दल सांगते. चाकात जिथून हवा भरतात, त्या व्हॉल्व्हच्या आत पितळेची एक बारकी पिन असते, करंगळीच्या नखाहूनही अरुंद. ती आटे फिरवून बसवलेली असते. हवेला आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. ती नसेल तर टायर कितीही महागाचा असो, त्यात हवा राहत नाही. आमच्या डब्यात बाटलीच्या तळाला एक पारदर्शक पुडी चिकटवलेली असे आणि तिच्यात अशी एक जादा पिन. एकदा खरेदी विभागाने मीटिंगमध्ये विषय काढला की ही पुडी आजवर कोणी फोडल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा ती काढून टाकू. मी म्हटलं, राहू द्या. जी गोष्ट हरवली तर गाडी जागची हलत नाही, ती एक जास्तीची असावी. सिंगापूरच्या मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवत नाही. समोरचा नम्रपणे "नोटेड" म्हणतो आणि तिथे तुमचं म्हणणं संपतं. माझंही नोट झालं. नवे डबे पुडीशिवाय निघायला लागले. जुने बाजारात होतेच.

त्यानंतरच्या डिसेंबरातली गोष्ट. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. फोनवर एक तरुण बाई होती, इंग्रजीत बोलत होती, आणि शांत राहण्याचा प्रयत्न करताना माणसाचा आवाज जसा होतो तसा तिचा झाला होता. होक्काइडोत एका आडरस्त्यावर त्यांची गाडी कडेच्या बर्फात रुतली होती. पुढचं डावं चाक पूर्ण बसलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं की पंक्चर आहे का. ती अडखळली. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला.

"सायली, त्यांना सांग, पिन बर्फात पडलीय. आणि माझ्यामुळे पडलीय, तेही सांग. लपवू नकोस."

मी मराठीत विचारलं, "पिन बाहेर कशी आली?"



"तुम्ही मराठी?"

"हो. पुण्याची. आता बिशानची."

"अय्या! आम्ही यिशुनचे!" ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. बर्फात अडकलेल्या माणसाला आपल्याच एमआरटीच्या लाल लाइनवरचं कोणीतरी भेटल्यावर असं होत असावं.

तिचं रडू आवरेपर्यंत मला हकिकत तुकड्यातुकड्याने कळली. सायली आणि तिचा नवरा ओंकार दोघं इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची पाच वर्षांची मुलगी मिहिका गाडीत मागे होती. आणि ओंकारचे वडील, अण्णा, श्रीवर्धनहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. अण्णांनी उमेद होती तोवर किनाऱ्यावरून बाजारापर्यंत मासळीचा पिकअप चालवला होता. एक तळं बघायला म्हणून हे लोक आडवाटेला वळले. समोरून बर्फ बाजूला सारणारं यंत्र आलं, त्याला जागा द्यायला ओंकारने गाडी कडेला घेतली आणि पुढची चाकं भुसभुशीत बर्फात गेली. यंत्र पुढे निघून गेलं. गाडी ओढून काढणाऱ्यांना फोन केला, तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की आज सगळीकडेच गाड्या अडकल्या आहेत, रात्र होईल.

मग अण्णा खाली उतरले. किनाऱ्यावर ओल्या वाळूत पिकअप रुतला की जे ते करायचे, तेच त्यांनी केलं. किल्ल्यांच्या जुडग्यात अजून त्यांची व्हॉल्व्हची पितळी चावी होती. ती लावून पिन सरळ बाहेर काढायची, म्हणजे हवा भसकन उतरते. हवा पुरेशी उतरली की पिन परत बसवायची. ओंकारने फोनवर शोधलं, तर तिथेही कोणीतरी बर्फात हवा कमी करा म्हणून लिहिलंच होतं. बाप आणि मुलाचं एकमत झालं. यांच्या घरी असं क्वचित होतं, असं सायली नंतर म्हणाली.

"पण पडली कशी?" मी विचारलं.

फोन अण्णांनी घेतला. "बाई, पिन काढली की आम्ही ओठात धरतो. वाळूत पडली तर सापडत नाही ना. चाळीस वर्षांची सवय. इथे ओठात धरली आणि गारठ्याने ती ओठालाच चिकटली हो! असा चटका बसला की मी थू केलं. ती कुठे उडाली, देव जाणे. आम्ही सगळे हातांनी बर्फ उकरतोय."

मला हसू आलं, हे कबूल करते. पुढच्याच क्षणी भीती वाटली. तिकडे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि जपान आमच्या एक तास पुढे. बर्फ पडतच होता. रिकाम्या टायरवर जोर लावून गाडी काढायला गेले असते, तर टायर रिमवरून निसटला असता आणि मग कुठल्याच डब्याचा उपयोग नव्हता.

"इंजिन चालू आहे?" मी विचारलं.

"हो, मिहिकाला थंडी वाजतेय ना."

"ओंकारला आधी मागे पाठवा. सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढून टाकायला सांगा. तो तुंबला तर धूर गाडीत येईल. आणि मागची एक काच बोटभर उघडी ठेवा."

ओंकार पळाला. मी म्हटलं, "आता डिकीतला आमचा डबा उघडा. बाटली बाहेर काढा. तिच्या तळाला एक पारदर्शक पुडी चिकटवलेली असेल."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी वाट बघत होते. त्या वेळी मला त्या मीटिंगमधला प्रत्येक चेहरा आठवत होता.

"नाहीये," सायली म्हणाली. "तळाला काहीच नाही."

नवा डबा होता.

वाईट वाटायला वेळ नव्हता. मी डोळे मिटले आणि शीतकक्षातल्या टेबलावर कापून ठेवलेली बाटली आठवायला लागले. वर झाकण. बाजूला पंपाची नळी लावायला एक छोटं तोंड. ते तोंड आतून कसं होतं? मला ते स्वच्छ दिसलं.

"सायली, बाटलीच्या बाजूला सायकलच्या ट्यूबला असतं तसं एक तोंड आहे का?"

"आहे."

"त्याच्या आत डोकावून बघ. मध्ये पितळेचा दांडा दिसतोय?"

अण्णांनी मध्येच तोंड घातलं. "बाई, ही तर तीच पिन!"

"तीच आहे. तुमच्या चावीने निघेल, ती काढून चाकात बसवा. बाटली उभी धरा, नाहीतर द्रव बाहेर येईल. आणि अण्णा..."

"सांगा."

"ओठात धरू नका."

"नाही हो," ते म्हणाले. "मुठीत धरतो."

त्या काही मिनिटांत फोनवर मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी आटे जुळवायचे म्हणजे गंमत नाही. एकदा सायली "अण्णा, हळू" म्हणाली. मग पंपाची घरघर सुरू झाली. मी गेलं अर्धं आयुष्य तो आवाज ऐकला आहे, आणि तो मला आवडला असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"थुंकी लावून बघू का?" अण्णांनी विचारलं. आपल्याकडे पंक्चरवाले बघतात तसं. व्हॉल्व्हला ओलं बोट लावायचं. बुडबुडा आला तर गळती आहे.

"बघा. पण बोटाने लावा, जिभेने नको."

"बुडबुडा नाही, बाई! धरलं!"

आता प्रश्न होता, हवा किती. स्टिकरवर होतं तेहतीस. नियमाप्रमाणे मी तेहतीस भरायला सांगून ओढगाडीची वाट बघा म्हणायला हवं होतं. अण्णांचं म्हणणं होतं की या बर्फातून बाहेर पडायचं तर पूर्ण भरू नये. आणि एवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हाच तो खोल, भुसभुशीत बर्फ, आणि हीच ती गोगलगायीची चाल. माझ्या मागे कोह येऊन उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण हिंदी आणि मराठी गिऱ्हाइकांना मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा हवा सोडू नका म्हटलं होतं की "हवा" हा शब्द त्याला चांगला ओळखू येत होता. तो मान हलवून नको नको म्हणत होता.

मी म्हटलं, "अण्णा, अर्ध्याच्या थोडी वर ठेवा. उजव्या चाकाची तेवढीच उतरवा, पण पिन काढायची नाही, मधला दांडा नखाने दाबून. चाकांपुढचा बर्फ हाताने काढा आणि पायाखालच्या रबरी मॅट उलट्या करून चाकांखाली घाला. गाडी रस्त्यावर आली की तिथेच थांबायचं. चारही चाकं मोजायची, पुढची दोन तेहतीसपर्यंत भरायची, आणि मगच पुढे. किनाऱ्यावर तुम्ही तसेच गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत जात असाल. इथे तसं जायचं नाही. कबूल?"

"कबूल." मग त्यांनी विचारलं, "बाई, एक विचारू? तुम्ही स्वतः काढलीय का कधी अशी गाडी बर्फातून?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांना धीरही आला असता.

"नाही अण्णा. मी बर्फ पाहिलेलाच नाही."

वारा घोंघावत होता. मला वाटलं, आता हा माणूस फोन ठेवणार.

"मीही आजच पाहिला," अण्णा म्हणाले. "चला."

सायलीने फोन चालू ठेवला होता. स्टिअरिंगवर ओंकार होता आणि त्याच्या खिडकीशी उभे राहून अण्णा सांगत होते, "रेस देऊ नकोस. अजिबात नको. गाडीला कळूच देऊ नकोस आपण निघालोय ते." इंजिन हळूच गुणगुणलं. एकदा चाक घसरल्याचा आवाज आला आणि थांबला. पुन्हा गुणगुणणं. मग मिहिकाची किंकाळी, "मम्मा, कार मूव्हिंग लाह!" आणि फोन बंद.

मी उलट लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

थंडीत फोनची बॅटरी मान टाकते, हे मला माहीत होतं. मी स्वतः लोकांना ते सांगत असे. पण दुसरीही गोष्ट माहीत होती. रुतलेली गाडी सुटली की माणसाला जो आनंद होतो, त्या भरात थांबून, पुन्हा खाली उतरून, गारठ्यात दोन चाकं भरत बसायला फार कमी जण तयार असतात. अंधार पडतोय, मूल कंटाळलंय, हॉटेल गरम आहे. हळूहळू जाऊ, असं म्हणून निघतात. आणि पुढच्या उतारावर गाडी वळायला उशीर करते. मी त्यांना अर्ध्या हवेवर चालायला परवानगी दिली होती, आणि ती दिल्यावर माझ्या हातात काहीही उरलं नव्हतं.

कोहने कॅन्टीनमधून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या आणि एक माझ्यापुढे ठेवली. दुसरे फोन वाजत होते, ते त्याने स्वतः घेतले. मध्येच त्याने विचारलं, "दे पम्प ऑर नॉट?"

"डोंट नो."

"द ओल्ड मॅन, ही प्रॉमिस?"

"हो," मी मराठीतच म्हटलं. तो समजला आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. छत्री त्याने मांडीवर आडवी ठेवली होती.

कोपी गार झाली तेव्हा फोन वाजला. नंबर वेगळा होता, ओंकारचा.

"बाई, चारही चाकं तेहतीस," अण्णा म्हणाले. "एक फूटभर पुढे गेलो नाही. पोरगं म्हणत होतं, निघू या. मी म्हटलं, शब्द दिलाय." मग काळजीच्या सुरात, "ती बाटलीतली पिन चाकातच राहिली. गाडी परत देताना काढून द्यायची का?"

"राहू द्या अण्णा," मी म्हटलं. मग फोन कोहच्या हातात दिला. त्याने अण्णांना सांगितलं, "ड्राइव्ह स्लोली, अंकल," आणि ठेवून दिला.

आमचे सगळे फोन रेकॉर्ड होत. नियमाबाहेरचा सल्ला दिला म्हणून चौकशी झाली आणि संभाषण मराठीत असल्याने त्याचं इंग्रजी भाषांतर मलाच करायला लावलं. खरेदी विभागाच्या माणसाने ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. ग्राहकाने पिन तोंडात धरली होती, इथे तो थांबला. "व्हाय?" मी वाळूबद्दल सांगितलं. ओठाबद्दल सांगितलं. पुडी कुठे नव्हती, तेही सांगितलं. त्या दिवशी कोणी "नोटेड" म्हटलं नाही. कोह म्हणाला, "पुट बॅक द पॅकेट." एवढंच, पण तो मीटिंगमध्ये स्वतःहून बोलला असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुडी परत आली. कायदेशीर सल्लागारांनी तिच्यात एक चिठ्ठीही घालायला लावली. तिच्यावर चार-पाच भाषांत एकच वाक्य आहे: ओठात धरू नये. कारखान्यात नवीन लागलेली मुलं ती वाचून हसतात. असं कोण करेल, म्हणतात.

फोनचं टेबल गेल्या वर्षी बंद झालं आणि त्याबरोबर मीही निवृत्त झाले. आता ॲप आहे. ते गाडीचा नंबर टाकला की चाकातल्या हवेचा बरोबर आकडा सांगतं, मिस्टर लिमना ते माझ्यापेक्षा जास्त आवडलं असतं. पिन कशी पडली, हे ते विचारत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. रागवण्यासारखं काही नाही, पण वाईट वाटतं.

अण्णा त्या वेळी भारतात परतायच्या आधी बिशानला आमच्या घरी आले होते, सायली आणि मिहिकाबरोबर. फोनवरच्या आवाजावरून मला वाटला होता त्यापेक्षा माणूस बराच किरकोळ होता. खालच्या ओठावर एक पुसटसा डाग राहिला होता, तो त्यांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवला. मी नव्या पुड्यांमधली एक आणून ठेवली होती. ती त्यांच्या हातात दिली आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं.

"म्हणजे माझ्यावरूनच हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावरूनच."

"माझं नाव नाही ना घातलं?"

"नाही."

"बरं केलंत. गावात कळलं तर हसतील." त्यांनी जपानी अक्षरांवरून बोट फिरवलं, चिठ्ठीची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. मग पुडी फोडून पिन बाहेर काढली. आटे बघायला ती उजेडात धरली. नीट दिसेना, म्हणून चष्मा शोधायला हात खिशात घातला, दुसऱ्या हातात चहाचा कप होता, आणि पिन कुठे पडू नये म्हणून त्यांनी ती ओठात धरली.